सरकारी रुग्णालयाच्या आवारात खासगी रुग्णालय उभे राहिल्यास पैशाचा हिशेब कसा मांडावा?

रामबागकर (प्रश्न)

मंडळींना नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहते आणि माझे माहेर धारचे आहे. 2025 मध्ये मध्य प्रदेश शासनाने धार, बैतूल, पन्ना आणि कटनी या चार ठिकाणी खासगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालये काढण्याचे करार केले. योजना साधारण अशी आहे की जमीन शासनाची, इमारत आणि महाविद्यालय खासगी संस्थेचे, आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी लागणारे रुग्ण व खाटा मात्र जिल्हा रुग्णालयाच्या. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. काहींना वाटते की धारच्या माणसाला छातीत दुखू लागले की इंदूरकडे धावावे लागते ते आता थांबेल, आणि काहींना वाटते की काही वर्षांत जिल्हा रुग्णालय नावापुरतेच उरेल.

इंदूरमध्येही अनेकजण असे म्हणताना ऐकू येतात की सरकारी रुग्णालयांच्या आवारात एवढी जागा पडून आहे, ती एखाद्या खासगी रुग्णालयाला देऊन येणाऱ्या पैशातून सरकारी रुग्णालय चालवावे. ही चर्चा नेहमी तत्त्वाच्या वादात अडकते. मला तत्त्वाविषयी नव्हे, तर पैशाविषयी विचारायचे आहे. एकाच आवारात खासगी रुग्णालय आले, तर सरकारी रुग्णालयाच्या वार्षिक जमाखर्चावर नेमका काय परिणाम होतो? कोणते उत्पन्न वाढते, कोणते जाते, कोणता खर्च कमी होतो आणि कोणता तसाच राहतो? ज्यांनी असे हिशेब जवळून पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना हिशेबनीस

रामबागकर ताई, एका सरकारी रुग्णालयाच्या लेखा शाखेत माझी नोकरी झाली, त्यामुळे तुमच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

अशा प्रस्तावांत सर्वांचे लक्ष प्रथम जमिनीच्या भाड्याकडे जाते. वास्तविक या हिशेबातली ती सर्वांत लहान रक्कम असते, कारण संस्थेने यावे म्हणून जमीन बहुधा नाममात्र भाड्यानेच दिली जाते. पाहायचे ते हे की आवारात दुसरे रुग्णालय आल्यावर कोणता रुग्ण कोणत्या दाराने आत जातो.

सरकारी रुग्णालयाला शासनाचे अनुदान मिळते, परंतु ते पगार, औषधे, वीज अशा ठरावीक शीर्षांत बांधलेले असते. रुग्णालयाच्या हाती स्वतः खर्च करण्याजोगा पैसा फार थोडा असतो आणि तो मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट रोगी कल्याण समितीची. इंदूरकरांना हे ठाऊक असायला हवे की या समितीची कल्पना देशात प्रथम आपल्याच एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात, 1994 च्या सुमारास, आकाराला आली. सुरतच्या प्लेगनंतर रुग्णालय रिकामे करून उंदरांचा बंदोबस्त झाला, स्वच्छता व दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर रुग्णांकडून थोडे शुल्क घेऊन तो पैसा त्याच रुग्णालयात वापरण्याची पद्धत रुजली. पुढे ती मध्य प्रदेशभर आणि देशभर गेली. रुग्णालयाच्या जागेचा व्यापारी उपयोग करून उत्पन्न मिळवण्याची मुभाही या समित्यांना मिळाली. तेव्हा आज जो प्रश्न आपण नवा म्हणून चर्चेला घेत आहोत, त्याचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या शहरात आहे.

दुसरी वाट 2018 नंतरची, म्हणजे आयुष्मान कार्डाच्या दाव्यांची. सरकारी रुग्णालयाने कार्डधारकावर उपचार केले की पॅकेजची, म्हणजे त्या उपचारासाठी ठरवून दिलेली, रक्कम त्यालाही मिळते. हाच पैसा बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करतो, पुरवठा आला नाही त्या आठवड्यात टाक्यांचा दोरा आणतो, आणि कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन रक्कम देतो.

आता एक मानीव उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, ते कोणत्याही रुग्णालयाचे नाहीत. समजा रुग्णालयाचा वार्षिक खर्च 100 रुपये आहे; त्यातले 70 रुपये पगाराचे आणि 30 रुपये बाकीचे. जमेच्या बाजूला अनुदान 88, दावे 10 आणि इतर 2. हे 10 रुपये सर्व रुग्णांमुळे येत नाहीत. ते सांध्यांच्या, डोळ्यांच्या, हृदयाच्या, मूतखड्याच्या, म्हणजे आधी तारीख देऊन करता येणाऱ्या आणि रुग्ण ठरल्या दिवशी घरी जाईल अशा उपचारांतून अधिक येतात. शेजारच्या खासगी रुग्णालयाला नेमके हेच रुग्ण हवे असतात. समजा 10 पैकी 7 रुपयांचे दावे तिकडे गेले. रुग्ण कमी झाल्यामुळे औषधे आणि रोपणसाहित्य यांवरचे 3 रुपये वाचतील, पण पगाराचे 70 रुपये तसेच राहतील, कारण भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रात्रपाळीचा वॉर्डबॉय यांची गरज अपघात विभागाला पूर्वीइतकीच असते. तूट 4 रुपयांची पडली. शंभरात चार म्हणजे फार नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु हे चार रुपये रुग्णालयाच्या हातातल्या मोकळ्या बारा रुपयांमधून गेलेले आहेत, म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा एक तृतीयांश भाग गेला.

तिजोरीच्या बाजूनेही पाहावे. ते 7 रुपये आता खासगी रुग्णालयाला जातात, आणि तो पैसाही केंद्र व राज्य यांचाच असतो. सरकारी शल्यचिकित्सकाचा पगार चालूच आहे आणि त्याच शस्त्रक्रियेचे पॅकेज आता बाहेर द्यावे लागते. म्हणून ‘शासनाचा एक रुपयाही खर्च नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याने दोन खाती एकत्र ठेवून पाहिलेली नाहीत, असे समजावे.

सामाईक सोयींचे खाते तर मी पुन्हा पुन्हा बघा असे सांगेन. 2017 मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालयांच्या आवारात हृदयरोग, फुप्फुसरोग आणि कर्करोग यांच्यासाठी 50 किंवा 100 खाटांची खासगी केंद्रे 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणण्याचा मसुदा केला होता. रक्तपेढी, रुग्णवाहिका, शवागार, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, वाहनतळ, सुरक्षा, या सोयी जिल्हा रुग्णालयाने पुरवायच्या किंवा वाटून घ्यायच्या होत्या, आणि मोफत उपचारांसाठी राखीव खाटांची अट त्यात नव्हती. रक्तपेढीतल्या एका पिशवीचा खरा खर्च, म्हणजे तंत्रज्ञाचा पगार, चाचण्या, शीतकपाटाची वीज आणि मुदत संपून वाया जाणाऱ्या पिशव्या हे सर्व धरून, फार थोडी सरकारी रुग्णालये काढू शकतात. ज्याची किंमत काढलेलीच नाही त्याचे बिल कोण देणार? असे खर्च मग न बोलता सरकारी बाजूवर राहतात.

डब्लिनमधून

मी मूळचा इंदूरच्या सुदामानगरचा, आता काही वर्षे आयर्लंडमध्ये आहे. रामबागकर ताईंनी विचारलेला प्रश्न या देशाने जवळजवळ याच शब्दांत स्वतःला विचारला होता, म्हणून लिहितो.

जुलै 2005 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनी योजना जाहीर केली की सार्वजनिक रुग्णालयांच्या आवारात खासगी कंपन्यांनी रुग्णालये बांधावीत. येथील सार्वजनिक रुग्णालयांत सुमारे एक पंचमांश खाटा विमाधारक किंवा पैसे भरणाऱ्या खासगी रुग्णांसाठी असत. ते रुग्ण नव्या इमारतीत गेले, तर सुमारे 1,000 खाटा सर्वसामान्य रुग्णांना मोकळ्या होतील, आणि त्याही शासनाने नव्या न बांधता, असा युक्तिवाद होता. ऐकताना तो निर्दोष वाटतो.

टीकाकारांनी त्यावर जे आक्षेप घेतले ते हिशेबनीस काकांच्या मांडणीशी फार जुळतात. त्या एक पंचमांश खाटांवरचे रुग्ण सार्वजनिक रुग्णालयाला विमा कंपनीमार्फत पैसे देत होते. ते निघून गेले की खाट मोकळी होते हे खरे, पण तिच्यावर पूर्वी मिळणारे उत्पन्न थांबते, आणि तिथे येणाऱ्या नव्या रुग्णाचा खर्च शासनाने भरला नाही तर ती खाट केवळ कागदावर मोकळी राहते. शिवाय खासगी रुग्णालय बांधणाऱ्या गुंतवणूकदारांना बांधकामाचा खर्च काही वर्षांत करातून वजा करता येत असे. ही करसवलत आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात खर्च म्हणून कोठेच दिसत नाही. ती अर्थखात्याच्या न मिळालेल्या उत्पन्नात लपलेली असते. म्हणून आरोग्य खात्याच्या कागदांत योजना फुकटची दिसे, आणि देशाच्या एकूण हिशेबात ती तशी नव्हती.

पुढे 2008 चे आर्थिक संकट आले, बँकांनी कर्जे आखडली, आणि कंपन्या निवडल्या गेल्या असूनही या योजनेतून एकही रुग्णालय उभे राहिले नाही. 2011 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने ती योजना गुंडाळली. यातली वर्षे वाया गेली ही बाब मला अधिक गंभीर वाटते, कारण खासगी खाटा येणार या भरवशावर सार्वजनिक रुग्णालयांच्या विस्ताराचा विचारही मागे पडतो.

राजवाडा

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत. तथापि मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते, कारण ती बाजू रुग्णाची आहे.

धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी येथून रोज किती माणसे एमवायच्या दारात येतात, ते आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि ते तास बस, जीप आणि रस्ता यांतच संपतात. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही. अशा स्थितीत शासन स्वतः कॅथ लॅब, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडण्याची शाळा, उभारील, तज्ज्ञ नेमील आणि ते तज्ज्ञ तालुक्याच्या गावी टिकतील, याची वाट किती पिढ्यांनी पाहावी? हिशेबनीस काकांच्या उदाहरणातले 10 रुपयांचे दावे तेव्हाच खरे, जेव्हा त्या शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होत असतात. जिथे हाडांचा डॉक्टरच नाही, तिथे जाण्यासारखे उत्पन्नच नाही. तिथे खासगी संस्था आली, तर जिल्हा रुग्णालयाचे गेले काय?

वैद्यकीय महाविद्यालय आले की प्राध्यापक येतात, निवासी डॉक्टर येतात, रात्रीही कोणीतरी जागे असते. या लाभाला जमाखर्चात रकाना नाही, म्हणून तो शून्य धरणे अन्यायाचे होईल.

जुना हिशेबनीस

राजवाडा यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या मांडणीची मर्यादा त्यातून स्पष्ट होते. जिथे सेवा मुळातच नाही तिथे तूट पडत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि त्यासाठी करारापूर्वीच्या तीन वर्षांत त्या जिल्हा रुग्णालयाने कोणत्या विभागात किती दावे केले, हा कागद हाती असावा लागतो. तो पाहिल्याशिवाय लाभ किंवा तोटा यांपैकी काहीही ठामपणे सांगणारा मनुष्य अंदाजाने बोलत असतो.

निवृत्त अध्यापक, वैद्यकीय

मी शल्यचिकित्सा शिकवली आहे, त्यामुळे पैशापेक्षा माणसांच्या हालचालीविषयी लिहितो. मात्र शेवटी तीही पैशातच उतरते.

भिंतीपलीकडे खासगी रुग्णालय असले की अनुभवी तज्ज्ञाला तिकडे जाण्यासाठी शहर बदलावे लागत नाही, घर बदलावे लागत नाही, मुलांची शाळा बदलावी लागत नाही. सरकारी नोकरीत माणूस टिकून राहण्याची जी लहानसहान कारणे असतात, ती एकदम नाहीशी होतात. त्याच्या जागी कंत्राटी डॉक्टर आणावा लागतो आणि तो बहुतेकदा अधिक महाग पडतो. त्याच वेळी रुग्णांचे मिश्रण बदलते. भाजलेले, विष घेतलेले, बेवारस आणलेले, क्षयाने खंगलेले, पोलिसांच्या प्रकरणातले रुग्ण सरकारी वॉर्डातच राहतात, कारण त्यांना नेण्यास कोणी उत्सुक नसते. त्यांचा मुक्काम लांबतो, त्यांना औषधे अधिक लागतात. मग वर्षाच्या अखेरीस कोणी तक्ता मांडतो की सरकारी रुग्णालयात प्रत्येक रुग्णामागे खर्च अधिक आणि खासगीत कमी, आणि त्यावरून सरकारी व्यवस्था अकार्यक्षम ठरवली जाते. हा तक्ता मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. दोन्हीकडचे रुग्ण एकसारखे असतील तरच त्या आकड्यांची तुलना व्हावी.

आता ‘गरिबांसाठी राखीव खाटा’ या आश्वासनाविषयी. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला 15 एकर जमीन महिना 1 रुपया भाड्याने मिळाली आणि एक तृतीयांश खाटांवर मोफत उपचार करण्याची अट होती. दिल्ली शासनाचा त्या कंपनीत 26 टक्के वाटाही आहे. म्हणजे शासन केवळ जमीनदार नव्हते, भागीदार होते, संचालक मंडळावर होते. तरीही मोफत उपचार म्हणजे औषधेही मोफत की फक्त खाट आणि डॉक्टरांची फी, यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला त्यावर निर्णय द्यावा लागला, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा विचारावे लागले की गरिबांवर प्रत्यक्ष किती उपचार झाले. राजधानीत, न्यायालयाच्या डोळ्यांसमोर, ही अवस्था असेल, तर जिल्ह्याच्या गावी त्या खाटा कोण मोजणार आहे? तपासणीसाठी माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि हा खर्च मी आजवर कोणत्याही प्रस्तावात दाखवलेला पाहिला नाही.

2020 च्या आरंभी नीती आयोगाने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जिल्हा रुग्णालये जोडण्याचा जो नमुना करार प्रसृत केला, त्यात मुदत 60 वर्षांची होती आणि खाटा दोन प्रकारच्या होत्या, काही नियंत्रित दराच्या आणि काही बाजारभावाच्या. साठ वर्षे म्हणजे आज जन्मलेला धारचा मुलगा निवृत्त होईपर्यंत. एवढ्या काळासाठी खाटांचे प्रमाण आजच ठरवणे मला धाडसाचे वाटते.

रामबागकर

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सरांनी मुदतीचा उल्लेख केला त्यावरून पुढचा प्रश्न विचारते. करार मध्येच मोडला किंवा संस्थेलाच तो परवडेनासा झाला, तर पैशाचे काय होते? शासनाला आपलेच रुग्णालय परत विकत घ्यावे लागते का?

डब्लिनमधून

ऑस्ट्रेलियात असे प्रत्यक्ष घडले आहे. न्यू साउथ वेल्स राज्यातील पोर्ट मॅक्वारी येथील रुग्णालय 1990 च्या दशकात खासगी कंपनीकडे गेले; तेथील महालेखापरीक्षकांनी तेव्हाच असा अभिप्राय दिला होता की शासन या रुग्णालयाचे पैसे दोनदा भरत आहे आणि शेवटी ते दुसऱ्याला देऊन टाकत आहे. काही वर्षांनी शासनाने ते परत घेतले. तरीही त्याच राज्याने सिडनीत नॉर्दर्न बीचेस रुग्णालय 2018 मध्ये सुरू केले, ज्यात एकाच इमारतीत सार्वजनिक आणि खासगी असे दोन्ही विभाग होते. 2025 मध्ये चालक कंपनी हेल्थस्कोप कर्जात बुडून धनकोंच्या नियंत्रणाखाली गेली, आणि शासनाने ते रुग्णालय 190 दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचा करार केला.

वाटाघाटीत शासनाची बाजू अशा वेळी दुबळी असते. कारखाना बंद पडला तर मालक कुलूप लावू शकतो. अतिदक्षता विभागात माणसे असताना शासनाला तसे करता येत नाही, हे समोरच्या पक्षाला ठाऊक असते.

जुना हिशेबनीस

म्हणून करारातील ‘समाप्तीनंतरची देय रक्कम’ हे प्रकरण सर्वप्रथम वाचावे. चूक संस्थेची असली तरी शासनाने तिच्या थकीत कर्जाचा मोठा भाग फेडावा, अशी तरतूद अनेक भागीदारी करारांत असते. हा भार शासनाच्या कर्जाच्या आकड्यांत दिसत नाही, कारण तो अजून घडलेला नसतो. त्याखालोखाल ‘सामाईक सोयी’ हे परिशिष्ट पाहावे आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांना संस्थेची खाती तपासण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे की नाही, ते पाहावे.

रामबागकर ताई, धारच्या नातेवाइकांना सांगा की माहितीच्या अधिकारात प्रत्येकी 10 रुपये भरून दोन स्वतंत्र अर्ज करावेत. एक जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जन कार्यालयात, गेल्या तीन वर्षांच्या विभागवार आयुष्मान दाव्यांसाठी आणि रोगी कल्याण समितीच्या लेखापरीक्षित जमाखर्चासाठी. दुसरा भोपाळला आरोग्य व वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, परिशिष्टांसह संपूर्ण करारासाठी. ‘परिशिष्टांसह’ हा शब्द अवश्य लिहावा, नाहीतर मुख्य मजकूर मिळतो आणि पैशाचे तक्ते राहून जातात. व्यापारी गोपनीयतेचे कारण देऊन नकार आला, तर कायद्याच्या त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवाद दिलेला आहे आणि 30 दिवसांत पहिले अपील करता येते. कागद आले की येथे टाका. दाव्यांचा तक्ता मी मांडून देतो. खाटांच्या प्रमाणाविषयी सरांनी पाहावे.

रामबागकर

माझा धाकटा भाऊ धारला वकिली करतो. दोन्ही अर्जांचे मसुदे त्याच्याकडून करवून घेते आणि पाठवण्यापूर्वी आपल्याला दाखवते.